हा वेळ कुणाचा?

"मॅडम, मग हा सत्तर टक्के वेळ कुणाचा?"

निकालाच्या साइटचे सर्व्हर आम्ही सांभाळतो. लातूरहून आमच्याकडे नव्यानेच रुजू झालेल्या मुलाने हा प्रश्न विचारला तेव्हा दहावीच्या निकालाचा दिवस होता, दुपारचा सव्वा वाजला होता, आणि त्याला उत्तर द्यायला कुणालाच फुरसत नव्हती. निकाल एकला लागतो. त्याआधीच्या पाच मिनिटांत ट्रॅफिकचा आलेख भिंतीसारखा सरळ वर जातो. आम्हाला ते ठाऊक होतं, तयारीही होती. गर्दी सर्व्हरांत वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरच्या मागे जास्तीचे सर्व्हर उभे केले होते, डेटाबेसचं ओझं कमी करायला निकाल आधीच कॅशमध्ये, म्हणजे झटकन हाताशी येणाऱ्या साठ्यात, भरून ठेवले होते. तरी एक वाजून गेल्यावर काही पानं झटकन उघडत होती आणि काही नुसतीच फिरत बसत होती. खोलीत एसी चालू असून घाम येत होता. दोन्ही फोन वाजत होते. अ‍ॅप्लिकेशनवाले सांगत होते, आमच्या कोडमध्ये महिनाभरात काही बदललेलं नाही. डेटा सेंटरवाले सांगत होते, हार्डवेअर ठणठणीत आहे, डिस्क, रॅम, नेटवर्क सगळं हिरवं आहे. दोघंही खरं बोलत होते. आणि समोरच्या काळ्या पडद्यावर प्रोसेसरचा वेळ कुठे किती टक्के जातोय ते दाखवणाऱ्या 'टॉप'च्या तिसऱ्या ओळीत यूएस 17, एसवाय 70 असे आकडे जागचे हलत नव्हते.

प्रश्न कामाचा होता, तरी तेव्हा मी त्याला फक्त "थांब जरा" म्हटलं. संध्याकाळी सगळं शांत झाल्यावर तो प्रश्न डोक्यात परत आला आणि आजपर्यंत तिथून गेलेला नाही. इतकी वर्षं मी तो रकाना बघते आहे. तो नेमका कुणाच्या नावावर टाकायचा, हे कुणी मला इतक्या सरळ शब्दांत विचारलं नव्हतं.

यूएस वाढलं की भांडण सोपं असतं. तो वेळ प्रोग्रामचा स्वतःचा, म्हणजे ज्याने कोड लिहिला त्याला बोलवायचं. डब्ल्यूए, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, वाढलं की डिस्ककडे बघायचं. एसवाय मात्र कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा वेळ. वेब सर्व्हरवरच्या प्रोग्रामला स्वतःच्या हाताने फाईल उघडता येत नाही, नेटवर्कवर बाइट पाठवता येत नाही, दुसरी प्रोसेस जन्माला घालता येत नाही. प्रत्येक वेळी कर्नलकडे मागावं लागतं, कर्नल ते करून देतं, आणि त्यात गेलेला वेळ या रकान्यात पडतो. म्हणून कोडवाला म्हणतो, हा वेळ माझा नाही, मी तर फक्त मागितलं. मशीनवाला म्हणतो, मशीन मागितलेलंच करतंय. दोघांच्या हद्दीच्या बरोबर मध्ये ही जागा येते, आणि तिथे उतरून बघणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. साध्या दिवशी आमच्या सर्व्हरवर एसवाय यूएसच्या निम्म्यानेही नसतं. ते यूएसच्या चौपट झालं याचा अर्थ मशीन निकाल दाखवण्यापेक्षा दुसऱ्याच कशात तरी गुंतलं होतं.

त्या दुपारी मला दुसरंच काहीतरी आठवत होतं. माझा स्वतःचा निकाल मी सायबर कॅफेत बघितला होता. तालुक्याच्या गावात बसस्टँडसमोर ते एकच दुकान होतं. आत तीन मशीन, आणि बाहेर चपलांचा ढीग. मालक प्रत्येकाच्या हातातली बैठक क्रमांकाची चिठ्ठी घेऊन स्वतःच टाइप करायचा, कारण मुलांचे हात थरथरायचे. पान अर्धं यायचं, वरची निळी पट्टी दिसायची आणि खाली पांढरं. तो रिफ्रेश करायचा. परत निळी पट्टी. आई बाहेर उन्हात उभी होती, पेढे आधी आणायचे की निकाल कळल्यावर, हे न ठरवता नुसती पिशवी हातात धरून. त्या पांढऱ्या जागेकडे बघत बसण्याची भीती माझ्या पोटात अजून तशीच आहे. आज निकाल मोबाइलवर येतो, पण राज्यात दहावीला 15 लाखांच्या आसपास मुलं बसतात आणि ती सगळी एकाच मिनिटाला विचारतात. एखाद्या सर्व्हरवर पान अडलं की माझ्यासमोर आलेख नसतो, ती निळी पट्टी असते.

म्हणूनच आमच्या वरिष्ठांनी "आधी रीस्टार्ट कर, कारण नंतर शोधू" म्हटलं तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. बाहेर मुलं थांबलेली असताना कारण शोधत बसणं ही चैन वाटते. पण रीस्टार्टने पुरावा जातो, हेही मी पुरतं जाणून आहे. कर्नलच्या आत त्या क्षणी काय चाललंय ते फक्त त्या क्षणीच दिसतं. मशीन एकदा बंद होऊन परत उभं राहिलं की ते निष्पाप असतं, अहवालात "रीस्टार्ट केल्यावर प्रश्न सुटला" असं लिहिलं जातं, आणि तेच दुखणं पुढच्या गर्दीच्या दिवशी परत उपटतं. या दोन्हींतून वाट काढली ती त्या लातूरच्या मुलाने. सगळे एकाच पडद्याकडे बघत असताना तो बाकीच्या सर्व्हरवर एकेक करून लॉगिन करत होता. तो म्हणाला, "मॅडम, सगळीकडे नाहीये हे. या एकावरच आहे. बाकी ठिकाणी एसवाय दहाच्या खाली आहे." तेच कोड, तेच कर्नल, तीच गर्दी, आणि एकच मशीन आजारी. मग प्रश्नच मिटला. ते मशीन लोड बॅलन्सरमधून हळूहळू काढायचं, अगदी शून्यावर न आणता थोडं ट्रॅफिक त्याच्याकडे राहू द्यायचं, आणि बाकीच्यांनी उरलेलं उचलायचं. पानं उघडायला लागली. फोन थांबले. आणि आजारी मशीन जिवंतपणी आमच्या हातात राहिलं.

गर्दीच्या सर्व्हरवर थेट 'एसट्रेस' चालवायचा मोह होतो. प्रत्येक सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेली प्रत्येक मागणी, नावानिशी दाखवणारं ते जुनं हत्यार आहे. पण ते प्रत्येक कॉलला प्रोसेसला थांबवून ठेवतं, आणि आधीच धापा टाकणारी प्रोसेस त्याने पार आडवी होते. मी आधी 'पर्फ टॉप' लावते. 2009 पासून लिनक्स कर्नलसोबतच ते येतं. ते कुणाला थांबवत नाही, दर थोड्या वेळाने सीपीयू नेमका कुठल्या फंक्शनमध्ये आहे त्याची नोंद घेतं आणि सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं नाव सगळ्यात वर आणतं. नेटवर्कची काहीतरी भानगड असेल, टीसीपीचं एखादं नाव वर दिसेल, अशी माझी अटकळ होती. पडद्यावर सगळ्यात वर लाल अक्षरांत आलं ते 'रीड_एचपीईटी'. निम्म्याहून जास्त वेळ त्या एका नावावर.

मशीन घड्याळ बघत होतं.

खुर्चीत मागे टेकून मी ते नाव परत वाचलं. मग कर्नलचा लॉग उघडला, आणि त्यात काही दिवसांपूर्वीच्या एका रात्रीची, बॅकअपच्या वेळेची एक ओळ सापडली. कर्नलने स्वतःच लिहून ठेवलं होतं, की टीएससी हे घड्याळ भरवशाचं वाटत नाही, म्हणून एचपीईटीवर जात आहे. त्या रात्रीपासून हे मशीन दुसऱ्या घड्याळावर चालत होतं. रोजच्या ट्रॅफिकमध्ये फरक इतका थोडा, की कुणाच्या नजरेत आला नाही. निकालाच्या दिवशी तो सत्तर टक्के झाला.

या दोन घड्याळांतला फरक मी त्या मुलाला असा समजावला. एका मोठ्या कचेरीत प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ आहे, वेळ बघायला मान खाली घातली की झालं. एक दिवस साहेबांना शंका येते की मनगटावरची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. हुकूम निघतो, आजपासून सगळ्यांनी व्हरांड्यातलं भिंतीवरचं एकच घड्याळ बघायचं. टीएससी हे मनगटावरचं घड्याळ. 1993 च्या पेंटियमपासून ते प्रोसेसरच्या आतच असतं, आणि लिनक्सने अशी सोय केली आहे की प्रोग्रामला वेळ विचारायला कर्नलमध्ये जावंच लागत नाही. वीस-पंचवीस नॅनोसेकंदांत काम होतं, आणि ते एसवायमध्ये दिसतसुद्धा नाही. एचपीईटी हे भिंतीवरचं. ते प्रोसेसरच्या बाहेर, चिपसेटमध्ये असतं. तिथवर जाऊन आकडा आणायला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो, म्हणजे चाळीसपट, आणि आताच्या कर्नलमध्ये त्यासाठी प्रत्येक वेळी खराखुरा सिस्टिम कॉल करावा लागतो. त्यावर कहर म्हणजे घड्याळ एक आणि बघणारे अठ्ठेचाळीस कोअर. व्हरांड्यात रेटारेटी होते. 2016 मध्ये कर्नलमध्ये एक सुधारणा झाली, की एकाने घड्याळ बघावं आणि ताटकळलेल्या बाकीच्यांनी त्यानेच सांगितलेली वेळ घ्यावी. त्याने रेटारेटी थोडी कमी झाली. पण व्हरांड्यापर्यंतची पायपीट काही चुकली नाही.

ऐकून तो मुलगा म्हणाला, "पण मॅडम, निकाल दाखवायला इतक्या वेळा वेळ कशाला बघायची?"

हा त्याचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षाही खोल होता. लॉगच्या प्रत्येक ओळीवर वेळ लागते. डेटाबेसला किंवा कॅशला काही विचारलं की आधी आणि नंतर वेळ बघून वजाबाकी करायची, म्हणजे कुठे उशीर झाला ते कळतं. पानाच्या प्रत्येक तुकड्याभोवती तसंच. शिवाय निगराणीसाठी बसवलेलं एक एजंट होतं, ते जवळपास प्रत्येक फंक्शनच्या आत-बाहेर जाताना वेळ टिपत होतं. हळूपणा शोधण्यासाठीच ही सगळी मोजमापं होती. सगळी मिळून एका निकालाच्या पानामागे दोन हजारांच्या घरात वेळ विचारली जात होती. मनगटावरच्या घड्याळाने त्याला पन्नास मायक्रोसेकंद लागतात, कुणाच्या खिजगणतीतही नाही. भिंतीवरच्याने, रेटारेटी सोडून, दोन मिलिसेकंद. कॅशमधून येणारं आमचं अख्खं पान तेवढ्यात तयार व्हायचं. एन्जिनएक्ससारखा वेब सर्व्हरचा प्रोग्राम या बाबतीत फार शहाणा आहे. तो दर फेरीला एकदाच वेळ बघतो आणि मधल्या सगळ्या कामांना तोच आकडा वापरतो. हे ज्याने लिहिलं त्याला वेळ विचारण्याची किंमत ठाऊक होती. आमच्या कोडमध्ये ती कुणाला ठाऊक नव्हती, कारण ती किंमत ज्या रकान्यात पडते तो रकाना कोड लिहिणारे कधी उघडत नाहीत. टीएससी चालू असेपर्यंत तर ती तिथेही दिसत नाही.

घड्याळाने सर्व्हर आजारी पडलेले मी त्याआधीही बघितले होते. 1 जुलै 2012, रविवार, आपल्याकडे सकाळचे साडेपाच. मी तेव्हा या कामात नवीन होते आणि रात्रपाळीला होते. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला जागतिक वेळेत एक लीप सेकंद घातला गेला आणि त्या क्षणी जगभर लिनक्सवरच्या जावा आणि मायएसक्यूएलच्या प्रोसेस शंभर टक्क्यांवर जाऊन बसल्या. रेडिटसारखी साइट कोलमडली. वेळ एक सेकंद सरकली हे कर्नलच्या सूक्ष्म टायमरपर्यंत पोहोचलंच नाही. 'अर्ध्या सेकंदाने उठव' म्हणून झोपलेल्या प्रोसेस झोपल्या झोपल्या जाग्या होत होत्या, परत झोपत होत्या, परत जाग्या. तेव्हाही लोकांनी रीस्टार्टच केले. आणि कुणीतरी शोधून काढलं की तारीख पुन्हा आहे तीच सेट केली तरी पुरतं, त्याने टायमरना नवी वेळ कळते आणि सगळं निवतं. ती एका ओळीची आज्ञा दिल्यावर पंख्यांचा आवाज खाली आला, तो मला सर्व्हर रूममध्ये उभं राहून ऐकू आला होता. बाहेर उजाडलं होतं. रात्रीत शोधून ती ओळ जगाला सांगणारा माणूस कोण, ते मला कळलं नाही, पण त्याच्याविषयी मला आजही कृतज्ञता वाटते. 2035 पर्यंत लीप सेकंद बंद करायचं 2022 मध्ये ठरलं आहे. माझ्या कामासाठी ते बरंच आहे. तरी पृथ्वी जराशी रेंगाळली म्हणून पुण्यातला पंखा जोरात फिरला, हे नातं तुटणार याचं मला थोडं वाईटही वाटतं.

एसवाय वाढायची कारणं दरवेळी घड्याळच असतात असं अर्थातच नाही. पीएचपी या वेबच्या भाषेत सुरक्षिततेसाठी ओपन_बेसडिर हे बंधन लावलं की रिअलपाथचा, म्हणजे फाईलच्या रस्त्यांचा, कॅश बंद पडतो आणि प्रत्येक फाईलसाठी रस्त्यातल्या प्रत्येक फोल्डरची चौकशी नव्याने होते, एल्स्टॅट या चौकशीच्या कॉलचा पाऊस पडतो. ट्रान्सपरंट ह्यूज पेज या मेमरीच्या सोयीमुळे मेमरीची मोठी सलग जागा गोळा करण्यात कर्नल दमून गेलेलं मी बघितलंय. जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला सुरक्षेचा दोष बाहेर आला, त्यावरच्या उपायाने प्रत्येक सिस्टिम कॉलच महाग झाला, आणि ज्यांचं कोड बडबडं होतं त्यांचा एसवाय एका रात्रीत वर गेला. यातल्या एकाही ठिकाणी कर्नल स्वतःहून काही करत नव्हतं. कुणीतरी मागत होतं, फार वेळा मागत होतं, आणि मागण्याची किंमत मध्येच केव्हातरी बदललेली होती.

निकालाच्या दिवशीच्या त्या मशीनचं टीएससी बहुधा बिघडलेलं नव्हतंच, असं माझं मत झालं आहे. कर्नलमधला पहारेकरी दर अर्ध्या सेकंदाला दोन घड्याळं ताडून बघतो. बॅकअपच्या धबडग्यात एक घड्याळ वाचून दुसरं वाचेपर्यंत त्याचाच खोळंबा झाला, तर त्याला वाटतं घड्याळच चुकलं. हे खोटे आरोप होतात हे ओळखून 2021 मध्ये कर्नलवर काम करणारे पॉल मॅककेनी यांनी, वाचायला फार उशीर झाला असेल तर पहारेकऱ्याने आधी परत वाचून बघावं, अशी दुरुस्ती केली. आमच्या सर्व्हरवरचं कर्नल त्याआधीचं होतं. आणि एकदा डाग लागला की ते घड्याळ यादीतूनच काढलं जातं, रीस्टार्टशिवाय परत येत नाही. रीस्टार्टने प्रश्न सुटतो तो यामुळे. पहारेकऱ्याला कायमचं गप्प करायची सोय आहे, एक शब्द बूटच्या ओळीत घातला की झालं. एका मशीनवर तेवढंच करून मोकळं व्हावं असं काहींचं म्हणणं पडलं. मला ते पटलं नाही. ज्या दिवशी घड्याळ खरंच चुकेल त्या दिवशी सांगायला कुणी उरणार नाही. आम्ही नवं कर्नल घातलं, फर्मवेअर अपडेट केलं, आणि सर्व सर्व्हरवर सध्या कुठलं घड्याळ चालू आहे ते निगराणीत घातलं. ते एका छोट्या फाईलमध्ये लिहिलेलंच असतं, फक्त कुणी वाचायचं ठरवलेलं नव्हतं.

अहवालाच्या फॉर्ममध्ये 'जबाबदार विभाग' असा चौकोन असतो. अ‍ॅप्लिकेशन, डेटाबेस, नेटवर्क, हार्डवेअर, यांतलं एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. त्या मुलाने मला विचारलं काय लिहू. मी त्याला म्हटलं, काहीही निवड, पण खालच्या मोकळ्या जागेत सगळी साखळी लिही. बॅकअप, पहारेकरी, घड्याळ, दोन हजार वेळा विचारणं, गर्दी. कुणाचाही दोष काढू नकोस, कुणालाही सोडू नकोस. त्याने ते मराठीत लिहून आणलं, मग आम्ही दोघांनी बसून इंग्रजीत केलं. मराठीतलं जास्त चांगलं होतं. माझ्याकडे ते जपून ठेवलेलं आहे.

अ‍ॅप्लिकेशनच्या टीमने तो अहवाल वाचला. आधी थोडी तणतण झाली, "म्हणजे आमच्यावरच आलं का शेवटी" वगैरे. मग त्यांच्यातल्या एकीने स्वतःहून एका पानामागची मोजमापं मोजायला घेतली आणि निम्म्याहून जास्त काढून टाकली. गेल्या आठवड्यात तीच मुलगी पर्फचं आउटपुट घेऊन माझ्या टेबलाशी आली. फाईलचे रस्ते शोधणारी फंक्शनं तिच्या टेस्ट सर्व्हरवर वर दिसत होती. तिला हवं होतं ते कॉल कुठून येतात ते. मी तिला खुर्ची ओढून दिली, लातूरच्या मुलाला हाक मारली, आणि 'पर्फ रेकॉर्ड' कसं लावायचं ते त्यानेच तिला दाखवायला सुरुवात केली.